व्हॅल्युएशन कमी आलं? ओझरमधलं घर घेताना करायची कृती

ओझरमधलं एक रो हाऊस पसंत पडलं, घरमालकाशी ४० लाखांना ठरलं, इसार दिला, बँकेत फाईल गेली. आणि मग शाखेतून फोन आला, "व्हॅल्युएशन ३४ लाखच आलंय." आता बसा इथे टेबलाशी. फाईल उघडा. हा आकडा कागद दाखवून बदलून घेता येतो. बदलला नाहीच, तरी व्यवहार वाचवायचे रस्ते आहेत. फक्त पायऱ्या क्रमाने घ्या. पुढची आधी केलीत तर मागची वाया जाते.

हाताशी ठेवा: इसार पावती किंवा साठेखत, घरमालकाचं खरेदीखत, सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्ड, बिनशेतीचा आदेश, बांधकाम परवानगी आणि मंजूर नकाशा, भोगवटा दाखला, घरपट्टीची पावती आणि उतारा. शिवाय मोजायची टेप, कॅल्क्युलेटर आणि एक कोरी वही.

१. पुढचे पैसे देणं थांबवा. घरमालकाला आजच फोन करा, "बँकेचा आकडा कमी आलाय, तपासतोय, पंधरा दिवस द्या." सांभाळा: न सांगता गप्प राहिलात, तर ते दुसरं गिऱ्हाईक बघायला लागतील.

२. इसार पावतीतली मुदत आणि अटी वाचा. कर्ज कमी मंजूर झालं तर इसार परत मिळेल, असं वाक्य त्यात आहे का, ते शोधा. असेल तर त्याखाली पेन्सिलीने रेघ मारा. नसेल तर मुदत कधी संपते, ती तारीख वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहा.

३. बँकेला व्हॅल्युएशन रिपोर्टची प्रत लेखी मागा. शाखेला ईमेल करा किंवा अर्ज देऊन पोच घ्या. फोनवर सांगितलेल्या आकड्यावर काही ठरवू नका. बँक प्रत देत नसेल, तर निदान चार गोष्टी लिहून मागा: क्षेत्रफळ किती धरलं, दर काय लावला, बांधकामाचं वय किती धरलं आणि कशाबद्दल वजावट केली.

४. तूट नेमकी किती, ते मांडा. ही पायरी शांतपणे करा, कारण ४० मधून ३४ गेले, म्हणजे सहा लाख कमी पडले, असा सरळ हिशेब इथे लागत नाही. व्यवहाराची रक्कम आणि व्हॅल्युएशन यांतला जो आकडा लहान असेल, त्याच्या ठरावीक टक्क्यांइतकं कर्ज बँक देते. रिझर्व्ह बँकेने घातलेली कमाल मर्यादा अशी: ३० लाखांपर्यंतच्या कर्जाला घराच्या किमतीच्या ९० टक्के, ३० ते ७५ लाखांच्या कर्जाला ८० टक्के, त्यावरच्या कर्जाला ७५ टक्के.

आता वहीत लिहा. व्हॅल्युएशन ४० लाख आलं असतं, तर ८० टक्क्यांनी ३२ लाख कर्ज मिळालं असतं आणि तुमच्या खिशातून ८ लाख गेले असते. आता ३४ लाखांच्या ८० टक्क्यांनी २७ लाख २० हजार होतात, म्हणजे खिशातून १२ लाख ८० हजार. तूट झाली ४ लाख ८० हजारांची. पण जरा थांबा. कर्जाची रक्कमच ३० लाखांच्या आत आली, तर ९० टक्क्यांची पायरी लागू होऊ शकते. ३४ लाखांचे ९० टक्के ३० लाख ६० हजार होतात, म्हणजे ३० लाखांपर्यंत कर्ज बसतं आणि तूट फक्त २ लाखांवर येते! शाखेत थेट विचारा, "३० लाखांच्या पायरीत फाईल बसवता का?"

सांभाळा: ही कमाल मर्यादा आहे. बँका स्वतःच्या धोरणाने त्याखाली थांबू शकतात, आणि तुमचा पगार त्या हप्त्याला पुरेसाही दिसला पाहिजे. आणखी एक: मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी या हिशेबात धरत नाहीत. ते पैसे वेगळे बाजूला काढा.

५. रिपोर्टमधला पत्ता आणि गट नंबर तुमच्या कागदांशी ताडा. बोट ठेवून, आकडा आकडा वाचा. ओझरमध्ये गावठाण, टाऊनशिपचा भाग, दहाव्या मैलाकडचा भाग आणि महामार्गालगतच्या वसाहती यांचे भाव एकसारखे नाहीत. घर एका वसाहतीतलं आणि तुलनेला घेतलेलं घर भलत्याच भागातलं असेल, तर आकडा तिथेच घसरतो. सांभाळा: जुने कागद ग्रामपंचायतीच्या काळातले आणि नवे नगरपरिषदेचे असतील, तर घर क्रमांक बदललेला असू शकतो. दोन्ही क्रमांक वहीत शेजारी शेजारी लिहा.

६. रिपोर्टमधलं प्लॉटचं क्षेत्रफळ सातबाऱ्याशी किंवा प्रॉपर्टी कार्डाशी जुळवा. सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर-आर-चौरस मीटरमध्ये असतं. एक आर म्हणजे १०० चौरस मीटर, सुमारे १०७६ चौरस फूट. बोलण्यातला एक गुंठा १०८९ चौरस फुटांचा. चौरस मीटरचे चौरस फूट करायला १०.७६४ ने गुणा. सांभाळा: विक्रीच्या बोलण्यातले "दीड गुंठा" कागदावर तेवढे भरतातच असं नाही. कागदावरचा आकडाच बँक धरते, म्हणून तुम्हीही तोच धरा.

७. घर टेपने मोजा. खोलीच्या आतल्या भिंतीपासून भिंतीपर्यंत मोजून जे मिळतं ते ढोबळमानाने कार्पेट, आणि बाहेरून भिंतींसकट मोजलं की बिल्टअप. रिपोर्टमध्ये कार्पेटचं क्षेत्र घेऊन त्याला बिल्टअपचा दर लावला असेल, तर तुमचं सरळ नुकसान झालंय. हा मुद्दा वहीत ठळक लिहा. सांभाळा: पोर्च, गच्ची आणि जिना वेगळे मोजा, खोल्यांत मिसळू नका.

८. मंजूर नकाशा हातात घेऊन घरभर फिरा. नकाशात आहे आणि जागेवर आहे, अशा प्रत्येक खोलीवर टिक करा. नकाशात नसलेली खोली, बंद केलेला पोर्च, नंतर चढवलेला मजला यांवर फुली. मंजुरी नसलेल्या बांधकामाची किंमत बँकेचा व्हॅल्युअर सहसा शून्य धरतो आणि ते योग्यच आहे. अशी फुली मोठी असेल, तर ३४ लाखांचा आकडा बहुधा बरोबर आहे आणि जास्तीची किंमत घरमालक मागतोय. सांभाळा: फुलीची खोली लपवण्यासाठी व्हॅल्युअरला दुसऱ्या दारातून नेऊ नका. पुढे घर विकताना तीच खोली तुमच्या गळ्यात येते.

९. भोगवटा दाखला फाईलमध्ये गेला होता का, ते विचारा. शाखेत जाऊन फाईल उघडायला लावा. घर पूर्ण असूनही दाखला नसला, की आकडा खाली येतो किंवा बँक पुढे जातच नाही. घरमालकाकडे दाखला असेल, तर आजच स्वच्छ प्रत काढा. बिनशेती आदेशाचंही तसंच. सांभाळा: मोबाईलवर तिरपा काढलेला, निम्मा शिक्का कापलेला फोटो देऊ नका. अनुक्रमांक वाचता येत नसेल, तर तो कागद दिला न दिला सारखाच.

१०. घराला जागेचे निर्बंध लागतात का, ते तपासा. ओझरमध्ये ही पायरी गाळून चालणार नाही. इथे हिंदुस्तान एरोनॉटिक्सचा विमान कारखाना आणि विमानतळ आहे, हवाई दलाचं केंद्र आहे, मधून मुंबई-आग्रा महामार्ग जातो आणि गावातून बाणगंगा वाहते. विमानतळ आणि संरक्षण खात्याच्या जागेजवळ इमारतीच्या उंचीवर आणि अंतरावर मर्यादा येतात, महामार्गाकडेला रस्त्यापासून ठरावीक अंतर सोडावं लागतं आणि नदीकाठी पूररेषा बघावी लागते. बांधकाम परवानगीसोबत घेतलेलं ना हरकत पत्र घरमालकाकडे असेल, तर ते शोधायला सांगा. सांभाळा: "इथे सगळ्यांचीच घरं आहेत" हे उत्तर बँकेत चालत नाही. शिक्क्याचा कागद चालतो.

११. बांधकामाचं वय तपासा. रिपोर्टमध्ये लिहिलेलं वय परवानगीच्या आणि भोगवटा दाखल्याच्या तारखेशी जुळवा. घर जितकं जुनं, तितका घसारा जास्त. दहा वर्षांच्या घराला वीस वर्षांचं धरलं असेल, तर बांधकामाची किंमत बरीच खाली गेलेली असेल. सांभाळा: नुसता नवा रंग दिल्याने वय कमी होत नाही. स्लॅबची गळती काढली, प्लंबिंग बदललं, तर त्याची बिलं मात्र जोडा.

१२. ४० लाखांत काय काय आहे, ते वेगळं करा. मॉड्युलर किचन, कपाटं, एसी, सोफा यांचे पैसे घरमालकाने किमतीत धरले असतील, तर बँकेच्या लेखी ते घर नव्हे. वहीत दोन रकाने आखा, एक घराचा, एक सामानाचा. पुष्कळदा तूट इथेच निम्मी उलगडते. सांभाळा: सामानाची रक्कम ठरली तरी तीही बँकेतूनच द्या.

१३. आजूबाजूचे नोंदलेले व्यवहार बघायला नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्च उघडा. सगळ्या कृतीचा कणा ही पायरी आहे, म्हणून तिला पूर्ण संध्याकाळ द्या. मोफत सेवा निवडा, मग उर्वरित महाराष्ट्र, वर्ष, जिल्हा नाशिक, तालुका निफाड, गाव ओझर. त्यानंतर गट किंवा प्लॉट नंबर टाका. कॅप्चा पहिल्यांदा नाकारला गेला, तर दुसऱ्यांदा भरा. सांभाळा: जुन्नर तालुक्यातलं विघ्नहराचं ओझर पुणे जिल्ह्यात आहे. जिल्हा चुकला, की सगळी मेहनत भलत्याच गावाची होते.

१४. तुमच्या वसाहतीतल्या शेजारच्या प्लॉटांची सूची क्रमांक दोन, म्हणजे नोंदलेल्या दस्ताचा गोषवारा, उतरवा. आधी तुमचाच गट, मग लगतचे गट, अशा क्रमाने. चालू वर्ष आणि त्याआधीचं वर्ष, एवढंच बघा. प्रत्येक सूचीतून चार गोष्टी वहीत घ्या: दस्त नोंदवल्याची तारीख, क्षेत्रफळ, मोबदला आणि बाजारभाव. मोबदला म्हणजे दस्तात लिहिलेली व्यवहाराची रक्कम, बाजारभाव म्हणजे सरकारी दराने निघालेली किंमत. सांभाळा: बक्षीसपत्र, वाटणीपत्र, हक्कसोड हे दस्त तुलनेला घेऊ नका. फक्त खरेदीखत आणि साठेखत घ्या.

१५. या नोंदींतून तुमच्या घरासारखी तीन घरं निवडा. प्लॉट साधारण तेवढाच, बांधकामाचं वय जवळपास तेच, रस्ता तसाच. प्रत्येकाचा मोबदला क्षेत्रफळाने भागा आणि चौरस फुटाचा दर काढा. आता रिपोर्टमधल्या दराशेजारी हे तीन दर लिहा. तिन्ही वर असतील, तर तुमची बाजू भक्कम आहे. तिन्ही खाली असतील, तर मान्य करा की घर महाग ठरलंय, आणि सरळ पायरी १९ वर जा. सांभाळा: सर्वांत महागडी तीन घरं वेचून काढू नका. व्हॅल्युअरकडेही हीच यादी असते.

१६. सरकारी दर तक्त्यातला आकडा काढा. लोक ज्याला रेडीरेकनर म्हणतात, तोच हा वार्षिक दर तक्ता, नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर मोफत दिसतो. जिल्हा, तालुका, गाव निवडून तुमच्या गटाला कोणता विभाग लागतो, ते बघा. शेतजमिनीचा दर आणि बिनशेती प्लॉटचा दर वेगळा असतो, ओळ नीट वाचा. सांभाळा: हा दर व्हॅल्युअरला बांधील नाही, त्याच्या जोरावर बँकेशी भांडू नका. त्याची खरी गरज पुढे किंमत उतरवताना लागेल.

१७. बँकेला फेरमूल्यांकनाचा अर्ज द्या. एका पानात बसवा. भावना नकोत, "आमचं स्वप्नातलं घर" नको. असं लिहा: "रिपोर्टमध्ये बांधकामाचे क्षेत्रफळ अमुक धरले आहे, मंजूर नकाशानुसार ते अमुक आहे. बांधकामाचे वय अमुक धरले आहे, भोगवटा दाखल्यानुसार अमुक आहे. याच वसाहतीतील तीन नोंदणीकृत व्यवहारांची सूची क्रमांक दोन सोबत जोडली आहे. कृपया फेरतपासणी करावी किंवा आपल्या पॅनेलवरील दुसऱ्या व्हॅल्युअरकडून मूल्यांकन करून घ्यावे." खाली जोडलेल्या कागदांची यादी, प्रत्येकावर क्रमांक. पोच घ्याच. सांभाळा: स्वतः पैसे भरून बाहेरच्या व्हॅल्युअरचा रिपोर्ट आणण्याआधी बँकेला विचारा, तो चालेल का. बँका आपल्या पॅनेलवरच्याच माणसाचं धरतात. दुसऱ्या व्हॅल्युएशनची फी किती, तेही आधीच विचारून घ्या.

१८. व्हॅल्युअर पुन्हा येईल त्या दिवशी घरी स्वतः हजर राहा. घरमालकालाही थांबायला सांगा. गच्चीची किल्ली, मीटरची खोली, सगळं उघडं ठेवा आणि कागदांचा एक संच हातात द्या. विचारलं तेवढं सांगा. सांभाळा: चहा द्या, पाकीट कधीच देऊ नका. पैशाने फुगवलेला रिपोर्ट पकडला गेला, तर फाईल बंद होते आणि कर्ज मिळालंच, तरी जास्तीचे हप्ते तुम्हालाच फेडायचे असतात.

आकडा ४० च्या जवळ पोचला? छान! पायरी २४ वर या. थोडाच हलला किंवा हललाच नाही, तरी खाली वाचत चला.

१९. घरमालकासमोर वही ठेवून किंमत बोला. तीन घरांचे दर, घसारा, फुलीची खोली, सगळं त्यांना दाखवा. "काका, तुम्ही सांगता ती किंमत तुमच्या दृष्टीने बरोबर असेल, पण दुसरं गिऱ्हाईक कर्ज काढायला गेलं, तर त्याच्याही बँकेत हेच कागद जाणार आहेत." हा मुद्दा बहुतेकांना पटतो, कारण तो खरा आहे. सहा लाखांची सूट एकदम मागू नका. तूट दोघांनी वाटून घ्यायचं आधी सुचवा. सांभाळा: किंमत सरकारी दराने निघालेल्या आकड्याच्या खाली गेली, तरी मुद्रांक शुल्क त्या वरच्या आकड्यावरच भरावं लागतं. आणि फरक १० टक्क्यांहून जास्त झाला, तर आयकरात विकणाऱ्याचा नफा सरकारी आकड्यावर मोजला जातो आणि घेणाऱ्याचंही तो फरक उत्पन्न धरलं जाऊ शकतं. पायरी १६ चा आकडा इथे समोर ठेवा.

२०. दुसऱ्या एकाच बँकेत चौकशी करा. ओझर परिसरात ज्या बँकेने तुमच्या वसाहतीतल्या घरांना आधी कर्ज दिलंय, तिच्याकडे जा. शेजाऱ्यांना विचारलंत, की दहा मिनिटांत कळेल. अर्ज भरण्याआधी कागदांचा संच दाखवून अंदाज घ्या. सांभाळा: पाच बँकांत एकदम अर्ज टाकू नका. प्रत्येक अर्जाची चौकशी सिबिलमध्ये दिसते आणि भरलेली प्रोसेसिंग फी सहसा परत येत नाही.

२१. उरलेल्या तुटीचे पैसे कुठून येणार, ते ठरवा. कारखान्यात नोकरी असेल, तर भविष्य निर्वाह निधीतून घरासाठी रक्कम काढता येते का, ते कार्यालयात विचारा. ठेव मोडण्याआधी तिच्यावर कर्ज मिळतं का, तेही बघा. सांभाळा: वैयक्तिक कर्ज काढून तूट भरलीत, तर त्याचा हप्ता गृहकर्जाच्या पात्रतेतून वजा होतो. आणि अर्जात बायकोचं किंवा भावाचं उत्पन्न जोडल्याने पात्रता वाढते, घराचं व्हॅल्युएशन वाढत नाही.

२२. इथे एक थांबा घ्या आणि नाही म्हणायचं का, ते ठरवा. वहीत दोन आकडे समोरासमोर लिहा: खिशातून जाणारी एकूण रक्कम आणि घर घेतल्यावर हातात उरणारी रक्कम. आजारपणासाठी, मुलांच्या फीसाठी काहीच उरत नसेल, तर हे घर सोडा. पायरी २ मध्ये रेघ मारलेलं वाक्य असेल, तर इसार लेखी परत मागा. नसेल, तर घरमालकाशी बोलून निदान काही भाग तरी सोडवून घ्या.

२३. ठरलेली नवी किंमत कागदावर आणा. साठेखत आधीच नोंदलेलं असेल, तर वकिलाकडून पूरक करार करून घ्या. नसेल, तर नव्या आकड्याने साठेखत करा. सांभाळा: बँकेसाठी मोठ्या आकड्याचं आणि आपसात लहान आकड्याचं, असे दोन कागद कोणी सुचवले, तर तिथेच उठा. ती फसवणूक आहे.

२४. तुमचा हिस्सा चेकने किंवा बँकेतून वर्ग करून द्या. घराच्या व्यवहारात २०,००० रुपये किंवा त्याहून जास्त रोख घेता येत नाही. रोख घेणाऱ्याला घेतलेल्या रकमेएवढा दंड होऊ शकतो. किंमत ५० लाख किंवा वर असेल, तर १ टक्का टीडीएस कापून तुम्हाला भरायचा आहे. सांभाळा: तुमचा हिस्सा आधी भरल्याचा पुरावा मिळाल्याशिवाय बँक आपली रक्कम सोडत नाही.

२५. दुय्यम निबंधक कार्यालयात दस्त नोंदवा. सह्या झाल्यापासून चार महिन्यांच्या आत नोंदणी व्हायला हवी. नोंदणी फी किमतीच्या १ टक्का, कमाल ३०,००० रुपये. घर फक्त महिलेच्या नावावर घेत असाल, तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत आहे. शुल्क भरण्याआधीच ती विचारून घ्या.

आणि तुम्ही घर विकणारे असाल, तर पायरी ६ ते १२ आणि १३ ते १६ पाटी लावण्याआधीच करून टाका. भोगवटा दाखला, मंजूर नकाशा, घरपट्टीचा उतारा यांचा एक संच झेरॉक्स करून ठेवा आणि पहिल्या गिऱ्हाइकाच्या हातात द्या. किंमत सांगायची ती तीन नोंदणीकृत व्यवहार बघून सांगा. कोपऱ्यावरच्या चहाच्या टपरीवर ऐकलेला भाव बँकेत टिकत नाही.

ज्यांनी अजून इसार दिलेला नाही, त्यांनी आज रात्रीच ई-सर्च उघडावं आणि इसार पावतीत हे एक वाक्य घालून घ्यावं: "बँकेकडून अमुक रकमेपेक्षा कमी कर्ज मंजूर झाल्यास इसाराची पूर्ण रक्कम पंधरा दिवसांत परत करण्यात येईल."